‘लाव्हा हळू चालतो, घाबरायचं कारण नाही’: त्या व्हायरल मेसेजला उत्तर

‘हवाईला जाताय? लाव्हा जवळून पाहायच्या या युक्त्या टूरवाले कधीच सांगणार नाहीत’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. एरवी असलं काही मी न वाचताच सोडून देतो. पण या वेळी तो भाचीने पाठवला. ती दोन लहान मुलांना घेऊन बिग आयलंडला, म्हणजे हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावर, जायच्या तयारीत आहे आणि खाली तिने विचारलं होतं, ‘मामा, यातलं आपल्याला काय काय जमेल?’ यातलं काहीही करायचं नाही, हे तिला लगेच फोन करून सांगितलं. पण मेसेज पुढे जायचा थांबलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. लाव्हा माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकतो, धावलं की सुटका. वरून काळा पडला म्हणजे तो थंड झाला, जाड तळव्यांचे बूट घालून खुशाल चाला. सगळ्यात सुंदर दृश्य लाव्हा समुद्रात पडतो तिथे, तिथल्या हवाई ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानाचे (पार्कचे) रेंजर, म्हणजे पहारेकरी, नसतील अशी वेळ साधून दोरी ओलांडा आणि अगदी काठाशी जा. पांढरे ढग दिसतात ती नुसती खाऱ्या पाण्याची वाफ. दोऱ्या, फलक, बंद रस्ते हा पार्कवाल्यांचा आणि टूर कंपन्यांचा कमाईचा धंदा. आणि पुरावा काय, तर आइसलँडमध्ये लोक हातभर अंतरावर उभे राहतात, त्यांना काही होत नाही.

समुद्राच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण हा सल्ला ऐकणारा खरोखर मरू शकतो. पहिली गोष्ट, हे दृश्य आता तिथे नाहीच. बिग आयलंडवरच्या किलाउएया ज्वालामुखीचा 1983 पासून पुउ ओओ या विवरातून चाललेला उद्रेक 2018 मध्ये संपला आणि त्या वर्षानंतर किलाउएयाचा लाव्हा समुद्रापर्यंत पोचलेला नाही. 23 डिसेंबर 2024 ला सुरू झालेला उद्रेक डोंगरमाथ्यावरच्या हालेमाउमाउ विवरात झाला आणि पुढेही तो थांबून थांबून तिथेच उसळत राहिला. म्हणजे मेसेजमधली माहिती आणि फोटो दोन्ही जुने. पण लाव्हा उद्या पुन्हा किनाऱ्यावर येऊ शकतो, आणि तेव्हा हा मेसेज कुणाच्या तरी फोनमध्ये असेलच.

तिथे नेमकं काय होतं ते समजून घ्या. साधारण 1,150 अंश सेल्सिअसचा लाव्हा पाण्यात पडला की तडकतो, त्याची वाळू आणि खडी होते. ती तळाशी साचत जाते, आणि त्या सैल ढिगावर नवा लाव्हा पसरून एक सपाट कट्टा तयार होतो. वरून बघणाऱ्याला ती चांगली भक्कम जमीन वाटते, पण खाली आधार असतो तो फक्त भुसभुशीत खडीचा, आणि लाटा ती सतत ओढून नेत असतात. एक दिवस तो कट्टा कुठलीही सूचना न देता कोसळतो. तो कोसळला की आतला तापलेला खडक एकदम पाण्याला भिडतो आणि स्फोट होतो; उकळतं पाणी, वाफ आणि धगधगते दगड जमिनीच्या दिशेनेही उडतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची हवाई ज्वालामुखी वेधशाळा 1912 पासून या डोंगरांवर नजर ठेवून आहे. हे सगळं तिने साध्या भाषेत, चित्रांसह जाहीर केलेलं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने त्यातलं एक पान जरी वाचलं असतं तरी हा मुद्दा लिहिला नसता.

आता दोरीचं. 31 डिसेंबर 2016 ला किलाउएयाच्या किनाऱ्यावर कामोकुना इथे असा सुमारे 26 एकरांचा भाग समुद्रात गेला. त्यात फक्त नवा कट्टा नव्हता, पूर्वी जिथे उभं राहून लोक लाव्हा पाहायचे तो जुना कडाही होता. त्या दिवशी पाच पर्यटक दोरीखालून वाकून बंद भागात शिरले आणि थेट कड्याकडे निघाले. एक रेंजर आणि त्याचा सहकारी त्यांच्यामागे धावले, ओरडून त्यांना परत फिरवलं. त्यानंतर साधारण पंधरा मिनिटांत कड्याचा तोच भाग खाली गेला. ‘रेंजर नसतील अशी वेळ साधा’ असं जो सांगतो, त्याने या पाच जणांचा विचार करावा. आणि त्या दोन कर्मचाऱ्यांचाही, कारण त्यांना मागे धावावं लागलं ते त्याच कड्याकडे.

एप्रिल 1993 मध्ये असाच कट्टा कोसळला तेव्हा त्यावर गेलेला एक जण समुद्रात गेला आणि इतर अनेक जण जखमी झाले.

‘नुसती वाफ’ हा तर धडधडीत खोटा दावा आहे. लाव्हाच्या उष्णतेने समुद्राचं पाणी उकळून आटतं तेव्हा त्यातल्या क्षारांपासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. तो पांढरा लोट म्हणजे तापलेली वाफ, हे आम्ल आणि काचेचे बारीक कण यांचं मिश्रण. डोळे, कातडी, फुफ्फुसं, काहीच त्यातून सुटत नाही. वेधशाळेच्या नोंदीनुसार 2000 मध्ये अशाच एका ठिकाणी, लाव्हा समुद्रात पडत होता त्याच्या अगदी लगत, दोन माणसं मेली. वारा फिरायला क्षणही लागत नाही, आणि लोट तुमच्याकडे वळला की काठावरून पळायला जागा नसते.

बोटीतून बघणं तरी सुरक्षित? 16 जुलै 2018 ला पर्यटकांच्या एका बोटीवर लाव्हाचा स्फोट होऊन धगधगते दगड पडले. छपराला मोठं भगदाड पडलं आणि 23 जण जखमी झाले. एका तरुणीच्या मांडीचं हाड मोडलं. इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या वेळी तटरक्षक दलाने सर्वसाधारण अंतर 300 मीटर ठेवलं होतं, पण अनुभवी बोटवाल्यांना खास परवानगीने 50 मीटरपर्यंत जायची मुभा होती. अपघातानंतर ती मुभा काढून घेतली. म्हणजे नियम करणारेही चुकतात, हे खरं. पण ते चुकले ते लोकांना जास्त जवळ जाऊ देऊन. मेसेजवाल्याची तक्रार नेमकी याच्या उलट आहे.

‘लाव्हा हळू चालतो’ हे अर्धसत्य आहे. सपाट जमिनीवर पाहोएहोए प्रकारच्या, म्हणजे गुळगुळीत सायीच्या लाव्हाचं तोंड बहुधा ताशी एक किलोमीटरही पुढे सरकत नाही. तीव्र उतारावर तेच दहापर्यंत जातं, आणि नाळेतून किंवा बोगद्यातून वाहणारा लाव्हा ताशी तीस किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. जानेवारी 1977 मध्ये आजच्या काँगोतल्या न्यिरागोंगो ज्वालामुखीचं लाव्हा-सरोवर फुटलं, तेव्हा तो अतिशय पातळ लाव्हा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावला आणि माणसं झोपडीतून बाहेर पडायच्या आत मेली. पण वेगाची तुलनाच मुळात चुकीची आहे. समोरचं लाल तोंड बघत तुम्ही उभे असता आणि लाव्हा बाजूच्या कवचाला भोक पाडून तुमच्या मागे बाहेर येतो. परतीची वाट बंद झाली की धावणार कुठे? शिवाय झाडाझुडपांवर लाव्हा पसरला की जमिनीखाली मिथेन साचतो आणि प्रवाहाच्या पुढे काही मीटरवर जमीन स्फोटाने उडते. अशा ताज्या, काचेसारख्या धारदार खडकावर धावताना पडलात तर हात-गुडघे सोलून निघतात.

काळा म्हणजे थंड, हेही तसंच. पृष्ठभाग काही मिनिटांत काळा पडतो, खाली काही सेंटिमीटरवर तो केशरीच असतो. 1959 मध्ये किलाउएया इकी विवरात साचलेला लाव्हा पूर्ण गोठायला 1990 च्या दशकाचा मध्य उजाडला. आज त्याच विवरातून पायवाट जाते आणि हजारो लोक ती चालतात. जिथे चालणं सुरक्षित आहे तिथे पार्क कुणाला अडवत नाही, हेही त्यातून दिसतं.

कमाईच्या आरोपाला फार वेळ द्यावासा वाटत नाही. एका गाडीला 30 डॉलर, सात दिवसांसाठी, पार्क चोवीस तास उघडं, आणि लाव्हा दिसला म्हणून जास्तीचे पैसे घेत नाहीत. 2018 मध्ये हेच पार्क 11 मेपासून 22 सप्टेंबरपर्यंत बहुतांशी बंद होतं, कारण माथ्यावरचं विवर खचत होतं आणि रस्त्याचे तुकडे आत जात होते. ज्यांना फक्त पैसे हवेत ते साडेचार महिने दार लावून बसत नाहीत. त्याच वर्षी बेटाच्या पुना भागात, लेइलानी इस्टेट्स आणि आसपासच्या वसाहतींमध्ये मिळून, सातशेहून जास्त घरं गेली. तिथे बघ्यांना रोखण्यासाठी 5,000 डॉलरपर्यंत दंडाची आणि वर्षभरापर्यंतच्या कैदेची तरतूद होती. स्वतःचं घर जळताना कुणाला त्यापुढे सेल्फी काढणारी गर्दी हवी असेल? आणि मूळ हवाईयन लोकांसाठी हालेमाउमाउ हे पेले देवीचं घर आहे. देवस्थानात दोरी ओलांडून गाभाऱ्यात घुसणं आपल्याला चालणार नाही, मग तिथे का चालावं?

राहिला आइसलँड. 2021 मध्ये तिथल्या फाग्राडाल्सफ्याट्ल ज्वालामुखीला लाखो लोक गेले, पुष्कळजण अगदी जवळ उभे राहिले, ही गोष्ट खरी आहे. पण मेसेज पुढचं सांगत नाही. 5 एप्रिल 2021 ला पहिल्या विवरांपासून सुमारे 700 मीटरवर अचानक नवी भेग उघडली आणि डोंगरावरच्या लोकांना घाईने खाली उतरवावं लागलं. खोलगट जागी वायू साचतात आणि मुलांचं नाक जमिनीच्या जास्त जवळ असतं. ऑगस्ट 2022 च्या उद्रेकात तर बारा वर्षांखालच्या मुलांना तिथे जायलाच बंदी केली. तिथे शोध आणि बचाव करणारी पथकं स्वयंसेवकांची आहेत. तुमच्या धाडसापायी ते आपली नोकरी, झोप सोडून अंधारात डोंगर चढतात.

नियमांवर वाद घालायला माझी हरकत नाही, उलट घालावाच. नोव्हेंबर 2022 मध्ये बिग आयलंडवरचाच माउना लोआ हा ज्वालामुखी 1984 नंतर पहिल्यांदा उसळला तेव्हा मोठ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. प्रशासनाने नुसती हाकलाहाकल केली नाही. त्यांनी जुन्या सॅडल रोडवरून एकेरी मार्ग काढून दिला आणि लोकांनी सुरक्षित अंतरावरून लाव्हा पाहिला. अशी सोय मागा, बंद केलेल्या जागेचं कारण विचारा, वेळा वाढवून मागा. रात्री दोरीखालून जाणं याला वाद घालणं म्हणत नाहीत.

जाणारच असाल तर निघायच्या दिवशी सकाळी वेधशाळेचा ताजा अहवाल आणि पार्कचा सूचनाफलक बघा, कारण उद्रेक मध्येच कित्येक दिवस थांबतो. वाऱ्याची दिशा बघा. कारंजी उंच उसळतात तेव्हा काचेचे केसासारखे बारीक तंतू आणि राख वाऱ्याबरोबर लांबवर येऊन पडतात. दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी वायूचं प्रमाण पाहूनच ठरवावं. रात्रीसाठी प्रत्येकाकडे टॉर्च हवा. आणि लहान मुलांचा हात सोडायचा नाही. 25 डिसेंबर 2024 ला याच पार्कमध्ये एक चिमुरडं घरच्यांपासून सुटून सुमारे 400 फूट खोल कड्याकडे पळालं होतं, आईने त्याला काठापासून फूटभर अंतरावर पकडलं. ते कुटुंब लाव्हाच्या जवळपासही नव्हतं, तो कडा विवराच्या काठाचा होता.