मिठाने काजूतलं गवत बेणायला (काढायला) निघालेल्यांसाठी

मामाच्या अंगणात मिठाची चार पोती रचलेली पाहिली तेव्हा वाटलं, यंदा आई-मामी मिळून चेपणीची तोरं (मिठात मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्या) जास्त घालणार. पण मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं: ‘उतारावरील काजूसाठी सेंद्रिय वरदान! 10 किलो मीठ पाण्यात विरघळवून फवारा, 1 एकर रान साफ. जमिनीला अपाय नाही, पावसात मीठ निघून जातं. पाला जाळून राख द्या. विषारी तणनाशकाला रामराम!’ गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या तीन ग्रूपवर एकाच दिवशी हेच.

आधी हिशेब. एकर म्हणजे 4 हजारांहून थोडे जास्त चौरस मीटर. 10 किलो त्यावर पसरलं की चौरस मीटरला अडीच ग्रॅम. एवढं तर मामा पेजेत घालतो. गवताला काय होणार? पण माणूस मेसेजला खोटं म्हणत नाही, मीठ वाढवतो. म्हणून चार पोती.

‘पावसात निघून जातं.’ जातं ना! कुठे? आपल्याकडे वर्षाला 3 हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा चार महिन्यांत. वर काजू, मध्ये पाण्याची झर, खाली कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. तेव्हा मीठ जाणार मामाच्याच पोफळींच्या मुळाशी, तिथून शेजाऱ्याच्या विहिरीत. मागे राहिलेला मिठातला सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतो, वर खपली धरते, पाणी मुरत नाही. गवत मेलेलं असेल तर माती धरणार कोण? दोन सरींत तांबडा लोंढा ओहळात.

आणि ‘सेंद्रिय’ म्हणजे काय? मीठ खनिज आहे. निसर्गातलं म्हणून चांगलं म्हणत असाल तर काजऱ्याचं विषारी बीही निसर्गातलंच, बघा चाखून.

तणनाशकाबद्दलची भीती मात्र खोटी नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये निर्बंध घातले. माडाला मीठ घालतात हेही खरं, मामाने तेच तोंडावर फेकलं. अरे मामा, माड समुद्रकाठचा. काजूचा डोंगर म्हणजे माड नव्हे.

राखेत पालाश असतं, कबूल. पण पाल्यातला नत्र धुरात जातो. कुमेरीत, म्हणजे डोंगरावरच्या फिरत्या शेतीत, चालायचं, कारण मग ती जमीन वर्षानुवर्षं पडीक सोडत. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्याचे डोंगर पेटलेले पाहूनही काडी ओढायला सांगतात, धन्य!

बेणायला माणसं मिळत नाहीत, हे मामाचं खरं दुखणं. पण अख्खा डोंगर भादरायचाय कशाला? बुंध्याभोवतीचं गवत कापून तिथेच पसरायचं, बाकीचं मातीला राहू द्यायचं. कर्नाटकातल्या पुत्तूरचं काजू संशोधन संचालनालय उतारावर झाडागणिक अर्धचंद्राकृती बांध आणि चरांत नारळाची सोडणं पुरायला सांगतं. सोडणं मामाच्या मांगरामागे (शेतातल्या खोपीमागे) ढीगभर पडलीत.

तीन पोती माडांकडे वळवली. चौथ्यावर मामीने हक्क सांगितलाय, तोरांसाठी.