सूर्यावरच्या काळ्या डागाबद्दल खुलासा

बीड, परभणी, लातूरकडच्या शेतकरी गटांत एक फोटो फिरतोय. सूर्यावर काळा डाग आणि खाली मजकूर: ‘सूर्याला भोक पडलंय, रोज वाढतंय, यंदा मराठवाड्यात पाऊस नाही.’ पेरणीच्या तोंडावर असं वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल, म्हणून लिहितेय.

ते भोक नाही. सूर्याच्या आतून जोरदार चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागावर येतं, तिथं खालची उष्णता वर यायला अडते. भोवती साधारण ५५०० अंश सेल्सिअस तापमान असताना डागाच्या मध्यात ३५००च्या आसपास असतं, म्हणून तो काळा दिसतो. सुरुवात बारीक ठिपक्यांनी होते. ते एकत्र येतात, गडद गाभ्याभोवती तंतूंसारखी फिकट कड धरते. पुढं चुंबकीय क्षेत्र विखुरतं, डाग तुटतो आणि विरतो. बहुतेकांचं आयुष्य काही दिवसांचं. मोठे डाग काही आठवडे, क्वचित महिनेही टिकतात.

डागांची संख्या साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढते, घटते. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याचे फोटो घेतले जाताहेत. त्या काळात आपल्याकडं १९७२चा दुष्काळ पडला, तशी भरपूर पावसाची सालंही आली. सूर्यावरचा एखादा डाग पाहून आपल्या तालुक्याचा पाऊस सांगता येत नाही. पेरणीसाठी हवामान खात्याचा अंदाज आणि जमिनीतली ओल बघा.

तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका. आणि डाग बघायला सूर्याकडं उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून बघू नका, लेकरांनाही बघू देऊ नका.