छडी गेली म्हणून वर्ग बिघडला नाही

गेल्या आठवड्यात शिक्षकांच्या तीन ग्रुपांवर एकच मजकूर येऊन पडला: ‘छडी गेली आणि वर्गाची शिस्त गेली. आता म्हणे पहिली-दुसरीच्या पोरांना सामाजिक कौशल्यं शिकवा! ते काम आईबापाचं. शाळेनं पाढे शिकवावेत.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. दुसरीचा वर्ग मीही घेते, म्हणून हा उपद्व्याप.

आधी छडी. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याचं कलम १७ मारायला मनाई करतं. पण कायदा राहू द्या बाजूला. काय करू नको ते छडी सांगते. मग करायचं काय, ते सांगत नाही. आमच्याकडे खोडरबरावरून रोज मारामारी. एकानं ओढलं, दुसरा चावला, ‘बाई, हा बघा ना!’ दटावलं की मधल्या सुट्टीपर्यंत शांतता, पुन्हा तेच. शेवटी दोघांना फळ्यापुढे उभं करून मागायचं नाटक करायला लावलं. आधी नाव घ्यायचं, मग ‘जरा देतोस का?’ म्हणायचं, आणि तो ‘थांब’ म्हणाला तर थांबायचं. तिसऱ्या पायरीवर गाडी अडली. हात खाली ठेवून थांबणं त्या पोराला सातव्या-आठव्या खेपेला जमलं. सामाजिक कौशल्य म्हणतात ते हेच. त्याला ते येत नव्हतं, एवढंच. सातचा पाढा आला नाही म्हणून आपण कुणाला उद्धट म्हणतो का?

‘ते घरचं काम.’ घरी खोडरबर एक आणि मागणारे पस्तीस, असं होत नाही. न आवडणाऱ्या मुलाशेजारी बसायची वेळही शाळेतच येते.

‘अभ्यासाचा वेळ जातो.’ मानसशास्त्रज्ञ जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशी कौशल्यं शिकवणाऱ्या २१३ शालेय कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले. मुलं सुमारे २ लाख ७० हजार. वर्तन सुधारलंच, आणि जिथे अभ्यासाची नोंद होती तिथे ही मुलं इतरांपेक्षा सरासरी ११ शतमकांनी (पर्सेंटाइल, म्हणजे शंभरांच्या रांगेतल्या जागा) पुढे निघाली. कार्यक्रम बहुतेक अमेरिकेतले, तेव्हा हा आकडा आपल्या पटाला जसाच्या तसा लावू नये. पण वेळ वाया गेला असं त्यातून निघत नाही.

मजकुरातलं एक वाक्य मात्र मला पटलं: ‘परिपाठात सुविचार असतोच की, काय फरक पडला?’ काहीच नाही. ऐकून कुणाला सायकल येते? सराव लागतो, आणि तो चालू ठेवावा लागतो. कॅन्ससमधल्या चौथीच्या एका वर्गावरचा प्रयोग १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळ असा: वर्गाचे दोन गट पाडले. मध्येच कुणी बोललं, जागेवरून उठलं की त्या गटापुढे फळ्यावर खूण. गोंधळ झपाट्यानं कमी झाला. गणिताच्या तासाला खेळ थांबवला, तसा गोंधळ परत आला.

आमच्याकडेही दिवाळीच्या सुट्टीनंतर खोडरबराचं नाटक पहिल्यापासून करावं लागलं. पाढेही त्याच सुट्टीत विसरले होते.