नोंद आहे, राखणदार नाही

परवा इथे मेलबर्नला एका मित्राकडे जेवायला जमलो होतो. बोलता बोलता लेक बोलॅकचा विषय निघाला आणि एक जण सहज म्हणाला, "अरे, दगडच तर होते. उचलून परत ठेवायचे, झालं." भरल्या पानावर वाद नको म्हणून मी काही बोललो नाही. ते गप्प बसणं तेव्हापासून टोचतंय, म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, पण वाचा.

लेक बोलॅक हे व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेचं छोटं गाव, तळ्याच्या नावाचं. तिथे एका खाजगी शेतात दगडांची एक लांबलचक मांडणी आहे. लांबी सुमारे 176 मीटर, आकार वाम माशाचा. तिथल्या भाषेत वाम म्हणजे कुयांग, आणि मांडणीचं नावही तेच. वय अंदाजे 1500 वर्षं. 2021 च्या ईस्टरच्या सुमारास लक्षात आलं की तिच्यातले पुष्कळ दगड जागेवरून हलवले गेलेत. जागा ईस्टर्न मार या तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांची. सरकारदरबारी तिची नोंद होती, आणि असं काही मोडलं तर जबर दंड करणारा 2006 चा कायदाही होता. सगळं असूनही ती मोडली.

वामच का? त्या तळ्यातल्या वामी मोठ्या झाल्या की पाण्याला ओढ लागताच सॉल्ट क्रीकमधून हॉपकिन्स नदीत आणि तिथून समुद्रात उतरतात. पुढे हजारो किलोमीटर पोहत कोरल समुद्राकडे जातात, अंडी घालतात आणि तिथेच मरतात. त्यांची काचेसारखी आरपार दिसणारी पिल्लं प्रवाहाबरोबर परत येऊन नद्या चढतात. हा हंगाम साधून वेगवेगळ्या जमातींची माणसं लांबलांबून तळ्याकाठी जमत. मासे धरायचे, देवाणघेवाण करायची, सोयरिकी जुळवायच्या, भांडणं मिटवायची. आपल्याकडच्या जत्रेत जे जे होतं ते सगळं. त्या दगडी वामीकडे मी या जत्रेची खूण म्हणून बघतो.

आता "परत ठेवायचे" याबद्दल. असा दगड शेकडो वर्षं एकाच जागी बसलेला असतो. वरच्या अंगाला दगडफूल धरलेलं, खालचं अंग मातीत रुतलेलं. त्याच्या पोटाखालच्या मातीने तो ठेवला त्या दिवसापासून ऊन पाहिलेलं नसतं, आणि नेमक्या त्याच मातीवरून तो केव्हा ठेवला हे शास्त्रज्ञांना काढता येतं. एकदा उपटला की ती माती उन्हाला लागते आणि हिशेब पुसला जातो. दिशेचंही तसंच. मेलबर्न आणि जिलाँगच्या मधे वुर्डी युआंग नावाची अंडाकृती दगडी मांडणी आहे, सुमारे 50 मीटर लांब, शंभरेक दगडांची. तिच्या सरळ बाजू उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्य मावळतो त्या दिशा दाखवतात, असं अभ्यासकांनी मोजमापं घेऊन मांडलंय. तिथले चार दगड हातभर सरकवा, मग काय उरलं? 2006 मध्ये ती जमीन वाथाउराँग समाजाला परत मिळाली. माझ्या मते तिचं खरं संरक्षण त्या दिवशी झालं.

कारण नुसत्या नोंदीने काय होतं ते जूकन गॉर्जने दाखवलंय. पश्चिम ऑस्ट्रेलियातला पिलबारा हा लोहखनिजाचा मुलूख. तिथल्या या घळीतल्या शैलाश्रयांत, म्हणजे कड्यातल्या गुहांत, माणसाचा वावर 46,000 वर्षांपूर्वीपासूनचा. 2013 मध्ये खाण कंपनी रिओ टिंटोला राज्याच्या 1972 च्या ॲबोरिजिनल वारसा कायद्यातल्या कलम 18 खाली ते उडवायची परवानगी मिळाली. 2014 च्या उत्खननात तिथे सुमारे 7000 वस्तू मिळाल्या. त्यात माणसाच्या केसांची वेणी घालून केलेल्या पट्ट्याचा तुकडा होता, 4000 वर्षं जुना, आणि त्यातला डीएनए आज त्याच भागात राहणाऱ्या लोकांशी जुळला. आपल्या पणजीच्या पणजीच्याही किती मागच्या आजीचे केस! ही माहिती हातात आल्यावरही परवानगी तशीच राहिली. ती मिळवणाऱ्याला अपील करता येत होतं. ज्यांच्या पूर्वजांची जागा त्यांना मात्र नाही.

पुढचं वाचताना मला आजही कसंतरी होतं. 2020 च्या मे महिन्यात ज्यांची ही घळ त्या पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांनी कंपनीला विचारलं, जुलैमध्ये आम्हाला तिथे जायचंय, जाऊ का? तेव्हा त्यांना कळलं की सुरुंगाची तयारी झालीय. नऊ दिवसांनी, 24 मे रोजी, स्फोट झाला. नंतर संसदीय चौकशीत बाहेर आलं की खाणीचे चार आराखडे होते, आणि त्यातल्या तिघांत या गुहा वाचत होत्या. ते तीन या लोकांना दाखवलेच नव्हते. कंपनीच्या प्रमुखासह तीन बड्या अधिकाऱ्यांना पायउतार व्हावं लागलं. राज्याने नवा कायदा केला, तो 1 जुलै 2023 ला लागू झाला, आणि शेतकरी नि जमीनमालकांनी ओरड केल्यावर जेमतेम पाच-सहा आठवड्यांत सरकारने तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं. फिरून 1972 चाच कायदा, थोड्या दुरुस्त्यांसह.

मी हे तावातावाने लिहितोय त्याला एक कारण आहे. मी रत्नागिरीकडचा. आमच्या वाडीच्या वर सडा आहे, म्हणजे कातळाचं उघडं पठार. लहानपणी गुरांमागे तिथे जायचो तेव्हा कातळात कोरलेला एक मासा होता, माझ्या तेव्हाच्या उंचीपेक्षा मोठा. मोठी माणसं म्हणायची, पांडवांनी काढलाय. एरवी पटकन दिसायचा नाही; पहिल्या पावसानंतर रेघांत पाणी साचलं की अख्खा मासा चकाकायचा. मी बारावीत असताना तो तुकडा चिरेखाणीला गेला. मशीन लागलं, चार दिवसांत मासा चिऱ्यांमध्ये कापला गेला आणि ट्रकमधून गेला. बघत सगळेच होते, मीही होतो. कोणी कोणाला विचारलं नाही. बऱ्याच वर्षांनी खालच्या गावात एका कंपाउंडच्या गडग्यात मला एक चिरा दिसला, त्यावर बोटभर खोल वळणदार खाच. कल्ल्याची असेल किंवा शेपटीची. मी हात लावून पाहिला आणि पुढे गेलो.

आता कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, 2022 पासून. उक्षीला कातळात कोरलेल्या हत्तीभोवती गावाने गडगा घातलाय. तो हत्ती आज आहे तो त्या गावामुळे आहे.

इथे ॲबोरिजिनल लोकांना, म्हणजे मूळ रहिवाशांना, त्यांच्या जागांचे कस्टोडियन म्हणतात. त्याला मराठीत संरक्षक, पालक वगैरे शब्द आहेत, पण मला तर सरळ राखणदारच आठवतो. आमच्याकडे गावाच्या वेशीवर राखणदार देव असतो, त्याला विचारल्याशिवाय कोणी झाड तोडत नाही. ईस्टर्न मार हे त्या वामीचे राखणदार. ज्याला ‘नाही’ म्हणायचा अधिकार नाही, तो राखण कशी करणार?

दुसरी गोष्ट, ज्याच्या शेतात अशी जागा असते त्या शेतकऱ्याची. त्याला खलनायक करून प्रश्न सुटत नाही. व्हिक्टोरियातल्या नोंदवहीतले तपशील सगळ्यांना खुले नाहीत. चोरी होईल, नासधूस होईल ही भीती खोटी नाही, मला ती पटते. पण ज्याच्या बांधाच्या आत ती जागा आहे, त्याला आणि त्याच्याकडून शेत विकत घेणाऱ्याला तरी खरेदीखताच्या कागदावर ते ठळक दिसलं पाहिजे. आणि वर्षातून एकदा राखणदारांना त्या शेतात हक्काने जाता आलं पाहिजे, कोणाच्या मेहेरबानीने नाही.

आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. बँकेचा बोजा तिथे चढतो. कातळशिल्पही तिथे चढायला काय हरकत आहे? आमच्या सड्यावर अजून दोन चित्रं शिल्लक आहेत, एक हरणासारखं आणि एक नुसती चौकट. मे महिन्यात गावी जातोय, तेव्हा तलाठ्याकडे हे विचारणार आहे. कोणी आधी असा अर्ज केला असेल तर कमेंटमध्ये सांगा, सोबत काय काय कागद जोडले तेही लिहा.