अ‍ॅम्बॅसेडरच्या गिअरबॉक्सबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आम्ही दुरुस्त करून दिलेल्या तुमच्या गिअरबॉक्सबद्दलचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात त्याचं वाईट वाटलंच, पण जास्त काळजी लागली ती ‘सेकंड अधूनमधून निसटतो’, म्हणजे दुसरा गिअर आपोआप बाहेर येतो, या वाक्याने. तसं होत असेल तर आधी गाडी बाहेर काढणं थांबवा.

तुम्ही बॉक्स न्यायला आलात तेव्हा तो टेबलावर ठेवून चारही गिअर टाकून दाखवले होते, सेकंड पूर्ण बसत होता. तुमच्या मार्क थ्री मॉडेलचा गिअर लिव्हर स्टिअरिंगवर आहे. तिथून खाली बॉक्सपर्यंत येणाऱ्या रॉडचे बुश झिजले किंवा सेटिंग हललं, की हाताला गिअर पडल्यासारखा वाटतो आणि आत गिअर जोडणारी स्लीव्ह अर्धीच चढलेली असते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गिअर बाहेर. असंच चालवलंत तर नव्या दात्यांची टोकं झिजतील. हे रॉड-बुश, म्हणजे लिंकेज, तुम्ही घरी बसवलंत, त्यामुळे आम्ही ते पाहिलेलं नाही.

‘इतका खर्च करूनही घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये फर्स्ट टाकताना खर्र होतं’ असं लिहिलंत. या बॉक्सला सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना आतले वेग जुळवणारी रचना, फक्त सेकंड, थर्ड आणि टॉपला (चौथ्याला). फर्स्टला कंपनीनेच दिलेला नाही. गाडी रांगत असताना फर्स्ट टाकला तर नवाकोरा बॉक्ससुद्धा ओरडणार. पूर्ण थांबा, क्लच दाबून लिव्हर आधी सेकंडकडे न्या आणि मग फर्स्ट टाका. सेकंडचा सिंक्रो आतले फिरते गिअर थांबवतो. उभ्या गाडीत एवढं करूनही आवाज आला तर क्लच पुरता सुटत नाहीये, तो तपासावा लागेल.

आता बिल अंदाजापेक्षा जास्त का आलं ते. अंदाज सांगितला तेव्हा बॉक्स बंद होता. उघडल्यावर लेशाफ्टवर, म्हणजे बॉक्समधल्या खालच्या शाफ्टवर, बारीक रोलरचे नीडल बेअरिंग फिरतात तिथे, नखाला लागतील एवढे खड्डे होते. पॉलिश पेपर मारून बंद केला असता तर बिल कमी आलं असतं आणि थोड्याच दिवसांत बॉक्स पुन्हा गुणगुणायला लागला असता. तसं काम आम्ही करत नाही. फोटो पाठवले, तुमचा होकार आला, मगच शाफ्ट बदलला.

उशीर झाला तो पितळी सिंक्रो रिंगांमुळे. जुन्या रिंगा गिअरच्या निमुळत्या भागावर, म्हणजे कोनवर, दाबल्या की थेट दात्यांना टेकत होत्या, मध्ये फटच उरली नव्हती. अ‍ॅम्बॅसेडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद झाला, चांगला माल शोधावा लागतो. पहिला आलेला सेट कोनवर पकडच घेत नव्हता, म्हणून परत केला.

तुम्ही बॉक्स आणलात तेव्हा प्रत्येक नट-बोल्टच्या पुडीवर चिठ्ठी होती. एवढ्या निगुतीने घरी गाडी बांधणारा माणूस नाराज राहावा असं आम्हाला वाटत नाही. आमचा मेकॅनिक घरी येऊन लिंकेज आणि क्लच बघेल, त्याचे पैसे नाहीत. बुश लागले तर तेवढीच किंमत द्या. दोष बॉक्समध्येच निघाला तर उतरवण्यापासून बसवण्यापर्यंत सगळं आमच्याकडे. वर्कशॉपच्या नंबरवर फोन करा, शुक्रवारी बंद असतं.

वर्कशॉप मालक, वागळे इस्टेट, ठाणे