गोल्जींवर थोडा अन्याय झाला आहे

मेंदूविज्ञानाच्या आरंभकाळावरील एका लेखात १९०६चे नोबेल स्पेनचे काहाल आणि इटलीचे गोल्जी या मेंदू-अभ्यासकांना विभागून मिळाल्याचे सांगितले आहे. मात्र गोल्जींची ओळख केवळ ‘चेतापेशी (मेंदूतील संदेशवाहक पेशी) एकमेकींना जोडलेल्या, एका सलग जाळ्यात असतात’ या चुकीच्या मताला चिकटून राहिलेले शास्त्रज्ञ एवढीच उरावी, हे मला पटत नाही. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवलेला मेंदूचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला की मोजक्याच पेशी, अगदी बारीक फांद्यांसकट, पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्याभोर उमटतात, ही १८७३ची पद्धत त्यांचीच. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या, तर त्या गुंत्यात काहीच ओळखू आले नसते. काहाल यांनी ती १८८७ मध्ये माद्रिदला पाहिली, सुधारली आणि पुढच्याच वर्षी पक्ष्यांच्या लहान मेंदूत चेतापेशी सुट्या असल्याचे दाखवले. गोल्जींनी नोबेल व्याख्यानातही त्याला विरोधच केला, हे खरे आहे.