बदलून आलेल्या विद्यार्थ्यांना परिचय कार्यक्रम नको, हे कोणी ठरवले?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. दुसऱ्या महाविद्यालयातून बदलून आलेल्या विद्यार्थ्यांना परिचय कार्यक्रमाची गरज नाही, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. कारणे चार: त्यांनी कॉलेज आधीच पाहिलेले असते, त्यांची क्रेडिट्स, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, आपोआप वळती होतात, रॅगिंग फक्त पहिल्या वर्षाला होते, आणि फारच झाले तर त्यांना प्रथम वर्षाच्या मुलांसोबत सभागृहात बसवता येते. पुण्याहून रत्नागिरीत दुसऱ्या वर्षाला आलेल्या माझ्या भाचीने हा संदेश प्रमाण मानून कार्यक्रमाकडे पाठ फिरवली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातले सर्वांत घातक विधान क्रेडिट्सचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 साली अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्यांची क्रेडिट्स खात्यावर साठवणाऱ्या डिजिटल बँकेचे, विनियम लागू केले. त्यांनुसार ही बँक विद्यार्थ्याकडून थेट कोणतीही कागदपत्रे घेत नाही. क्रेडिट्सची नोंद शिक्षणसंस्थेनेच करायची असते. शिवाय खात्यावर जमा झालेले क्रेडिट नव्या अभ्यासक्रमात कोणत्या विषयापोटी धरायचे, हे ठरवणे प्रवेश देणाऱ्या संस्थेच्या आणि विद्यापीठाच्या हाती असते. जमा होणे आणि ग्राह्य धरले जाणे या दोन निराळ्या पायऱ्या आहेत, आणि ‘आपोआप’ हा शब्द दुसरी पायरीच पुसून टाकतो. माझ्या भाचीने पहिल्या वर्षी घेतलेल्या एका ऐच्छिक विषयाला इथे समकक्ष विषयच नव्हता, आणि ही गोष्ट तिला परीक्षेचा अर्ज भरताना कार्यालयाच्या खिडकीवर कळली. जुन्या अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत, मूळ गुणपत्रिका आणि विद्यापीठ बदलल्यामुळे लागणारे मायग्रेशन सर्टिफिकेट एवढ्यासाठी तिला पुन्हा पुणे गाठावे लागले. परिचय कार्यक्रमात अर्धा तास कोणी तिची गुणपत्रिका इथल्या विषयांशी ओळीने ताडून पाहिली असती, तर हे सारे टळले असते.

रॅगिंगविषयीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. आयोगाच्या 2009 च्या विनियमांतील व्याख्येत नवागतांबरोबरच ‘अन्य कोणताही विद्यार्थी’ येतो.

कॉलेज पाहिलेले असते, हे अर्धवट खरे आहे, आणि तेवढे मान्य करायला हवे. हजेरी आणि अंतर्गत गुण म्हणजे काय हे या मुलांना ठाऊक असते, आणि स्वागताची तीन-तीन भाषणे त्यांच्या उपयोगाची नसतात. म्हणूनच त्यांना प्रथम वर्षाच्या सभागृहात बसवणे हा उपाय ठरत नाही. परिचय कार्यक्रमासाठीच्या आयोगाच्या 2019 च्या ‘दीक्षारंभ’ मार्गदर्शिकेत नियमांच्या माहितीइतकेच ओळखीपाळखीला आणि विभागाशी नाते जुळण्याला महत्त्व दिले आहे. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मैत्रीचे आणि प्रात्यक्षिकांचे गट आधीच जुळलेले असतात, आणि नव्याने आलेल्याला जागा करून द्यायची ती तिथेच. त्यासाठी त्याच विभागातला एक शिक्षक आणि त्याच वर्गातला एक सोबती नेमून दिला पाहिजे.

वेळही महत्त्वाची आहे. बदलून येणाऱ्यांचे प्रवेश अनेकदा उशिरा होतात, आणि कोकणात मध्येच गणपतीची सुट्टी लागते, त्यामुळे जुलैतला कार्यक्रम त्यांच्या हाती लागत नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात या विद्यार्थ्यांसाठी एक स्वतंत्र दिवस ठेवावा. सकाळी क्रेडिट्सची पडताळणी, दुपारी विभागाची भेट आणि त्याच दिवशी बोनाफाइड व एसटी पासच्या अर्जावर सही, एवढे झाले तरी लांजा-राजापूरहून रोज येणाऱ्या मुलाच्या कार्यालयातल्या बऱ्याच फेऱ्या वाचतील.